नाव लिहिणे आणि नाव घडवणे

नवा दवाखाना उघडणारी डॉक्टर, परगावच्या मैफलींची बोलावणी येऊ लागलेला तबलावादक, स्वतःच्या नावाने पैठण्या विकणारी विणकर, पहिले पुस्तक हातात आलेला कवी, या साऱ्यांपुढे कधी ना कधी एक प्रश्न येतो. आपले नाव पाटीवर, कार्डावर, निमंत्रणपत्रिकेवर आणि मोबाइलच्या पडद्यावर कसे दिसावे? उत्तर बहुधा घाईत दिले जाते. रोमन लिपीतली दोन आद्याक्षरे वर्तुळात बसवायची, खाली एखाद्या बऱ्या दिसणाऱ्या फॉन्टमध्ये नाव टाकायचे आणि फाइल छापखान्यात पाठवायची. अशा चिन्हांची आता इतकी गर्दी झाली आहे की त्यांतून माणूस वेगळा ओळखू येत नाही. नावाला टिकाऊ रूप द्यायचे तर त्या रूपाची सामग्री नावाच्याच अक्षरांत शोधावी लागते. मराठी नाव देवनागरीत लिहिले की ती सामग्री भरपूर सापडते, पण तिकडे लक्ष फार थोड्यांचे जाते.

या कामात तीन गोष्टींची सरमिसळ होते. सही ही हाताची सवय. कागदावर जबाबदारी घेणे हे तिचे काम, त्यामुळे ती वाचता आली नाही तरी अडत नाही. मोनोग्राम म्हणजे आद्याक्षरांची खूण, आणि ती ज्याला माणूस आधीपासून माहीत आहे त्यालाच पटते. वर्डमार्कमध्ये मात्र नाव पूर्ण वाचता येते आणि त्याचा आकारही डोळ्यांत राहतो. मराठीत त्याला नाममुद्रा म्हणता येईल. अनोळखी माणसापर्यंत पोचायचे असेल तर सुरुवात नाममुद्रेपासून करावी लागते. मोनोग्राम नंतर, लोक नाव ओळखू लागल्यावर, त्याच अक्षरांतून काढता येतो.

व्यक्तीच्या नावाला ठरीव आकार देण्याची रीत छापखान्यापेक्षा जुनी आहे. ऑटोमन सुलतानांचा तुघ्रा हे तिचे देखणे उदाहरण. सुलतानाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि ‘सदा विजयी’ हे बिरुद एकत्र गुंफून तो काढला जाई. तीन उंच उभे दंड आणि डावीकडे फिरलेली दोन मोठी वेटोळी हा सांगाडा पिढ्यानपिढ्या तोच राहिला, आतली नावे बदलत गेली. तुघ्रा रेखाटण्याची जबाबदारी सुलतानाची नव्हती. ती निशाणजी या दरबारी अधिकाऱ्याकडे असे. स्वतःचे नाव दुसऱ्या जाणत्या हाताकडून घडवून घेणे त्या काळीही कमीपणाचे मानत नसत.

मराठी मुलखात सतराव्या शतकात शिक्क्याचीच भाषा बदलली. शहाजीराजांचा शिक्का फारसीत होता, शिवाजी महाराजांची राजमुद्रा संस्कृतात आली. मुद्रेचा आकार अष्टकोनी ठेवला गेला. ती पत्राच्या माथ्यावर उमटे आणि मजकूर संपल्यावर ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा मोर्तब केला जाई, म्हणजे त्यापुढे कोणाला ओळी वाढवता येऊ नयेत. भाषा, आकार, कागदावरची जागा आणि प्रत्येक ठशाचे काम असे चारही निर्णय येथे आधीच घेतलेले दिसतात. आजचे संकल्पक ज्याला दृश्य ओळख म्हणतात, तिचे नियम याहून फार वेगळे नसतात.

युरोपात हाच प्रश्न बाजाराच्या अंगाने आला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर रुंद पायांच्या ‘ए’च्या पोटात ‘डी’ बसवून आपली छापचित्रे ओळखीची करत असे. व्हेनिसमधल्या मार्कांतोनिओ राइमोंदीने त्या चित्रांची नक्कल केली, तीही खुणेसकट. ड्यूररने तक्रार केली आणि नक्कल करणाऱ्याला ही खूण वापरण्याची मनाई झाली, असे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवले आहे. चित्रांची नक्कल मात्र थांबली नाही. चित्रापेक्षा नावाच्या खुणेला आधी संरक्षण मिळाल्याची ही जुनी नोंद आहे.

भारतीय चित्रकारांनीही नावाची अक्षरे जपून घडवली. विसाव्या शतकात दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या सह्या चित्रांइतक्याच ओळखीच्या झाल्या होत्या. मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून उमेदवारी केलेले म. फि. हुसेन एकापेक्षा अधिक लिप्यांत सही करत. लिपी बदलली तरी रेषेचा जोर तोच राही, म्हणून सही परकी वाटत नसे.

सहीचेच थेट बोधचिन्ह करावे का, हा प्रश्न येथूनच पुढे येतो. विल किथ केलॉग यांनी १९०६ साली कंपनी सुरू केली, तेव्हा अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावात कॉर्नफ्लेक्सची नक्कल करणारे अनेक कारखाने निघाले होते. अस्सल माल ओळखू यावा म्हणून त्यांनी खोक्यावर आपली सही छापली, आणि त्या सहीचे घडवलेले रूप आजही वापरात आहे. फोर्ड मोटारीवरचे लपेटीदार नाव मात्र हेन्री फोर्ड यांच्या हातचे नाही. त्यांचे अभियंते चाइल्ड हॅरल्ड विल्स यांनी तरुणपणी व्हिजिटिंग कार्डे छापताना वापरलेल्या अक्षरवळणावरून ते काढले. लोक त्याला सही समजतात, कारण ते सहीसारखे वाहते. वाचायला मात्र ते सहीपेक्षा खूप सोपे आहे. बँकेत चालणारी सही जशीच्या तशी संकेतस्थळावर आणि कार्डावर छापणे आज धोक्याचेही आहे, कारण ती कोणालाही उचलता येते. सहीचा वेग घ्यावा, तिचे एखादे वळण घ्यावे, पण चेकबुकातली सही चेकबुकातच राहू द्यावी.

वाचनीयतेचा प्रश्न सर्वांत ताणून धरला तो अमेरिकन गायक प्रिन्स याने. रेकॉर्ड कंपनीशी वाद चालू असताना, १९९३ साली, त्याने नाव टाकून एक चिन्ह घेतले. चिन्ह सुंदर होते, पण त्याला उच्चार नव्हता. वृत्तपत्रांना ते छापता यावे म्हणून ते चिन्ह असलेला फॉन्ट फ्लॉपीवर घालून पाठवावा लागला. तरीही बोलताना लोक ‘पूर्वी प्रिन्स या नावाने ओळखला जाणारा कलावंत’ असेच म्हणत राहिले. २००० साली तो जुन्या नावाकडे परत आला. जगभर ख्याती असलेल्या गायकाला न वाचता येणारे चिन्ह जड गेले, तर गावात नुकती पाटी लावलेल्या वकिलाला ते परवडणार नाही.

दुसऱ्या टोकाचा धोका फॅशनच्या जगात दिसला. कॅसांद्र या पोस्टरकाराने १९६१ साली इव्ह सँ लोराँ यांच्यासाठी तीन आद्याक्षरे एकमेकांत गुंफून उभी केली. तिरपी आणि सरळ, जाड आणि बारीक, अशी परस्परांना न जुळणारी वळणे त्याने एका चिन्हात सुखाने नांदवली. २०१२ साली त्याच घराण्याच्या कपड्यांवर साध्या, समान जाडीच्या मोठ्या अक्षरांतले नाव आले. पुढच्या काही वर्षांत बर्बेरी, बालमँ अशी संस्थापकांच्या आडनावांवर उभी असलेली घराणी त्याच वाटेने गेली. पडद्यावर ही नावे स्वच्छ दिसत, पण शेजारी-शेजारी ठेवली की एकाच हातची वाटत. बर्बेरीने २०१८ साली घेतलेले साधे रूप २०२३ मध्ये सोडले आणि टोकांना फुलोरा असलेली अक्षरे पुन्हा आणली. वाचता येणे ही पहिली अट असली, तरी तेवढ्याने नाव वेगळे होत नाही.

हे वेगळेपण देवनागरीत कोठून मिळते, ते अक्षरांची घडण पाहिल्यावर कळते. या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेद नाही. अक्षरे शिरोरेषेखाली उभी असतात, वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि ऋकार. म्हणजे प्रत्येक नावाला तीन मजले असतात आणि कोणता मजला भरलेला, कोणता रिकामा, हे नावागणिक बदलते. ‘मनन’ हे नाव तिन्ही अक्षरांत मधल्याच मजल्यावर राहते. ‘रुक्मिणी’ दोन वेलांट्यांनी वरच्या मजल्यावर हातपाय पसरते. ‘शर्वरी’त रफार आणि वेलांटी वरच्या मजल्यावर जवळजवळ येतात. संकल्पकाने पहिल्या दिवशी करायचे काम हेच, की नाव कागदावर मोठे लिहावे आणि त्याचा बाह्याकार पाहावा.

दुसरी गोष्ट उभ्या दंडाची. ग, ण, त, प, म, स अशा कितीतरी अक्षरांत काना शेवटी येतो, क आणि फ मध्ये तो मधोमध असतो, तर ट, ठ, ड, द, ह यांना पूर्ण उंचीचा काना नाहीच. ‘गणेश’मध्ये काने इतक्या नियमाने येतात की नावाला आपोआप ताल मिळतो. ‘राहुल’मध्ये दंड विरळ आणि गोलाई जास्त. पहिल्या नावात दंडांची जाडी हा मुख्य निर्णय ठरतो, दुसऱ्यात वळणांच्या आतली मोकळी जागा. एकाच फॉन्टमध्ये टाइप केलेली ही दोन नावे सारखी चांगली दिसत नाहीत, त्याचे कारण हेच.

शिरोरेषेशी खेळणे सर्वांना आवडते. ती तोडावी, लांबवावी, तिरकी न्यावी, काढूनच टाकावी. पण ती नुसती सजावट नाही, तिच्यावर वाचन अवलंबून असते. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या माथ्यावर रेषा थोडी उघडी राहते, म्हणून ते ‘घ’ आणि ‘म’ यांच्यापासून वेगळे वाचता येतात. एकसंध रेषेच्या मोहात ती फट बुजवली आणि डोक्यावरची गाठही साधी केली, तर ‘मेधा’ची ‘मेघा’ होते. ‘र’ आणि ‘व’ फार जवळ आणले तर ‘रवींद्र’मधल्या पहिल्या दोन अक्षरांचा ‘ख’ होऊ पाहतो. १९५३ सालच्या लखनौ परिषदेतल्या लिपिसुधारणेत ‘ख’चा पाय जोडून घेण्याचा पर्याय पुढे आला, तो याच गोंधळामुळे. ज्याला नाव आधीच माहीत आहे त्याला असल्या चुका दिसत नाहीत. म्हणून रेखाटन अशा माणसाला दाखवावे लागते, ज्याने ते नाव कधी ऐकलेले नाही.

जोडाक्षरांत तर नावाचा स्वभावच ठरतो. ‘विठ्ठल’मधला ठ्ठ एकाखाली एक लिहिला की नावाला मधोमध खोली येते. पाय मोडून आडवा लिहिला की ओळ सपाट होते आणि लहान आकारात वाचायला सोपी जाते. ‘श्रद्धा’, ‘विद्या’, ‘पद्मा’ यांचेही तसेच. पाटीसाठी उभी जोडणी आणि मोबाइलसाठी आडवी, अशी दोन रूपे मुद्दाम घडवता येतात. मात्र दोन्ही एकाच हातची वाटावीत इतकी काळजी घ्यावी लागते.

मराठीपण दाखवणारी दोन अक्षरे फॉन्टच्या पसंतीत हरवतात, ती म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या रूपांपेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ती मराठी रूपे प्रमाण ठरवली. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर पडद्यावर बहुधा हिंदी रूप उमटते. ‘शीतल’, ‘शैला’, ‘शलाका’ या नावांच्या मालकिणींनी तरी आपली अक्षरे कोणत्या वळणाची आहेत हे विचारून घ्यावे.

आद्याक्षरांच्या बाबतीत मराठीजवळ मोठे धन आहे. रोमन लिपीत आद्याक्षर म्हणजे सुटे अक्षर, ते एकेक करून उच्चारावे लागते. मराठीच्या जुन्या रीतीत आद्याक्षर स्वरचिन्हासह घेतात. त्यामुळे पु. ल. देशपांडे यांचे ‘पुलं’ झाले, व. पु. काळे यांचे ‘वपु’, ग. दि. माडगूळकर यांचे ‘गदिमा’. ही आद्याक्षरे बोलता येतात, हाक मारता येते, शब्दासारखी वाचता येतात. म्हणजे मोनोग्राम आणि वर्डमार्क यांतली भिंत मराठीत पातळ होते. जी. ए. कुलकर्णी यांच्या नावात रोमन आद्याक्षरे देवनागरीत लिहिलेली आहेत, तरीही ‘जीए’ हा सलग शब्द होऊन बसला. आज तरुण व्यावसायिक वर्तुळात रोमन ‘व्ही’ आणि ‘के’ घालतात, तेव्हा ही सोय ते हातची घालवतात.

मग अक्षरे तयार फॉन्टमधून घ्यावीत की हाताने रेखाटून घ्यावीत? मराठीत हाताच्या रेखाटनाची परंपरा भक्कम आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी टाइम्स समूहाच्या कला विभागात काम करता करता मराठी नाटकांची असंख्य शीर्षके घडवली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ किंवा ‘मत्स्यगंधा’ यांच्या जाहिराती वृत्तपत्राच्या दाटीतही नेमक्या सापडत. प्रत्येक शीर्षकाची अक्षरे नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे वेगळी असत आणि तरीही वाचताना कोठे अडखळायला होत नसे. २०२५ साली पद्मश्रीने गौरवलेले सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचा वेग आणि लपेट देवनागरीत आणली. मोडीत रेषा आधी पानभर ओढून घेत आणि अक्षरे तिच्याखाली न थांबता लिहीत. आडनावापर्यंत एका दमात जाणारी नाममुद्रा हवी असेल तर ही रीत आजही शिकवण्यासारखी आहे.

फॉन्टच्या बाजूनेही आता गरिबी राहिलेली नाही. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जो देखणेपणा दिला, त्याची बरोबरी पुढे बराच काळ झाली नाही. संगणकावर वाट मोकळी करणाऱ्यांत र. कृ. जोशी (१९३६–२००८) अग्रभागी होते. पवईच्या आयआयटीत त्यांनी अक्षरकला शिकवली आणि विंडोजमधून घरोघर पोचलेला ‘मंगल’ फॉन्ट रेखाटला. पुढे मुंबईच्या एकटाइप या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ असे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ बेतला गेला, आणि ‘कलम’मध्ये हस्ताक्षराचा भास आहे. या फॉन्टांच्या खुल्या परवान्यात व्यावसायिक वापरालाही मुभा असते. मात्र जो फॉन्ट सर्वांना मोफत मिळतो, तो शेजारच्या दुकानदारालाही मिळतो. म्हणून त्यावर थांबू नये. नाव टाइप करावे, अक्षरांच्या बाह्यरेषा मोकळ्या कराव्यात, अंतरे नव्याने बसवावीत आणि एखाद्याच ठिकाणी, वेलांटीच्या वळणात किंवा उकाराच्या शेवटी, नावापुरता बदल करावा. दोन-तीन ठिकाणी बदल झाले की डोळा कोठे ठरावा ते कळेनासे होते.

दोन लिप्यांचा प्रश्न बहुतेकांना सोडवावाच लागतो, कारण कार्ड पुण्यातही द्यायचे असते आणि बंगळुरूत किंवा शिकागोतही. एका लिपीचा मुखवटा दुसरीवर चढवणे ही येथली नेहमीची चूक आहे. रोमन अक्षरांना वरून शिरोरेषा जोडली की ती भारतीय होत नाहीत, नुसती नकली दिसतात. रोमन सुलेखनाच्या निबेचा काप आणि देवनागरीच्या बोरूचा काप उलट दिशांना असतात, त्यामुळे जाड आणि बारीक भाग वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. म्हणून जुळवायचे असते ते रेषेचे वजन, कोपऱ्यांची गोलाई आणि आतली मोकळी जागा. उंचीही मोजून न ठेवता डोळ्यांनी ठरवावी लागते. बऱ्याच द्वैभाषिक मांडण्यांत देवनागरीचा काना रोमनच्या लहान अक्षरापेक्षा उंच आणि मोठ्या अक्षरापेक्षा ठेंगणा ठेवतात, तेव्हा दोन्ही ओळी सारख्या आवाजात बोलल्यासारख्या वाटतात.

नाममुद्रा तयार झाली की तिला घरदार लागते. सोबतच्या मजकुराचा फॉन्ट कोणता, नावाभोवती किती जागा मोकळी ठेवायची, रंग कोणता आणि तो रंग नसताना काय करायचे, हे लिहून ठेवावे. रंग शेवटी ठरवलेला बरा. काळ्या शाईच्या रबरी शिक्क्यात जे नाव उमटत नाही, ते रंगाने सावरत नाही. लांब नाव प्रोफाइलच्या गोलात बसत नाही, तेथे पहिले अक्षर स्वरचिन्हासह घ्यावे. ब्राउझरच्या टॅबमधले चिन्ह सोळा पिक्सेल रुंदीचे असू शकते, तेवढ्यात बारीक रेषा आणि अनुस्वार दोन्ही विरघळतात, म्हणून त्या आकारासाठी अक्षर वेगळे, अधिक ठळक काढावे लागते. शिवाय चित्ररूपातले नाव अंधांसाठीच्या वाचक-प्रणालीला वाचता येत नाही, शोधयंत्रालाही ते धड कळत नाही. संकेतस्थळावर चित्रासोबत तेच नाव युनिकोड मजकुरात द्यावेच लागते.

राहिला हक्कांचा भाग, ज्याकडे लोक फार उशिरा वळतात. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ प्रमाणे नाव, सही आणि अक्षर यांचीही नोंदणी होऊ शकते. ती दहा वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते. दुसऱ्याने तेच नाव नोंदवले असले तरी स्वतःचे खरे नाव प्रामाणिकपणे वापरण्याला कलम ३५ आधार देते. रेखाटनाच्या मालकीची गोष्ट मात्र निराळी आहे. पैसे दिले म्हणजे चित्राचे सारे हक्क आपोआप आपले होतात, असे गृहीत धरू नये. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतर लेखी हवे. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचे धरले जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. संकल्पकाला पूर्ण मोबदला द्यावा, त्याचे नाव जाहीरपणे घ्यावे आणि हा कागदही त्याच वेळी करून घ्यावा.

नाव धंद्याला जोडताना आणखी दूरचे पाहावे लागते. फ्रेंच संकल्पक एर्व्हे लेजे याच्या हातून स्वतःच्या नावाचे फॅशनघर गेले आणि पुढचे काम त्याला एर्व्हे एल. लरू या नव्या नावाने करावे लागले. अमेरिकेच्या केट स्पेड यांनी आपला ब्रँड विकल्यानंतर २०१६ मध्ये नवा व्यवसाय काढला, तो फ्रान्सिस व्हॅलेंटाइन या नावाने. भागीदारीत दवाखाना, नृत्यसंस्था किंवा कपड्यांचे दुकान काढताना एखाद्याचे नाव पाटीवर जाणार असेल, तर भागीदारीच्या करारातच लिहून ठेवावे की वेगळे झाल्यावर ते नाव कोण वापरणार, त्याची घडवलेली अक्षरे कोणाकडे राहणार आणि मूळ फाइल कोणाच्या ताब्यात असेल.